माथेरानच्या घोड्यांसाठी सुका चारा हवा आहे, तोही दहा जूनच्या आत

सप्रेम नमस्कार,

करोनामुळे २३ मार्च २०२० रोजी राज्यात टाळेबंदी लागली आणि माथेरानचा उन्हाळी हंगाम सुरू होण्याआधीच संपला. त्यालाही आता दोन महिने झाले. हॉटेले, चिक्कीची आणि चपलांची दुकाने, लॉजेस, फोटोवाले, सगळेच बसून आहेत आणि सगळ्यांचे हाल सारखे नसले तरी खरे आहेत. आमच्या मदत समितीचे हे आवाहन मात्र मुख्यतः घोड्यांसाठी आहे. दुकानाचे शटर ओढले की निदान खर्च थांबतो. घोडा काम करो वा न करो, रोज पाच किलो खातो.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना माथेरानचे अर्थकारण वरवर दिसते तेवढेच माहीत असते, म्हणून आधी ते थोडक्यात सांगतो. २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. गावात मोटारवाहनांना बंदी आहे. नेरळहून घाट चढून आलेली गाडी दस्तुरीला थांबते. तिथून बाजारपेठेपर्यंतचे सुमारे अडीच किलोमीटर पायी, घोड्यावर, हातरिक्षात किंवा अमन लॉज स्थानकाहून सुटणाऱ्या छोट्या आगगाडीने जायचे. नेरळपासूनची मिनी ट्रेन गेल्या पावसाळ्यात रुळाखालची माती वाहून गेल्यापासून बंदच आहे आणि अमन लॉजची शटल मार्चमध्ये थांबली. म्हणजे ४६० परवानाधारक घोडे, ९४ हातरिक्षा आणि डोक्यावर सामान वाहणारे हमाल यांच्यावर हे गाव चालते, आणि पर्यटक नसला की या तिघांचीही कमाई थेट शून्यावर येते. पगार नाही, शेती नाही, दुसरा धंदा नाही.

कमाईचे महिनेही ठरलेले. एप्रिल-मे, मग दिवाळी, मग नाताळ. पावसाळ्यात शनिवार-रविवारी थोडी गर्दी होते, पण धो-धो पावसात घोड्यावर बसणारे कमीच. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये मिळालेल्या पैशांतून जून ते सप्टेंबरची वैरण भरून ठेवायची, हे इथले वर्षानुवर्षांचे गणित. यंदा ते पैसेच आले नाहीत. खरा पेच आजचा नाही, जुलैचा आहे, आणि जुलैसाठीची तयारी मेमध्येच करावी लागते.

काही जण विचारतात की घोडा विकून का टाकत नाहीत. घेणार कोण? घोड्यांना दुसरे गिऱ्हाईक लग्नाच्या वरातीचे. वरातीही बंद आहेत. जो काही भाव मिळेल त्यात पुढे दिवाळीला नवा घोडा येणार नाही, आणि घोडा नसला की परवाना असून उपयोग नाही. बँकांच्या हप्त्यांना रिझर्व्ह बँकेने ३१ ऑगस्टपर्यंत मुदत वाढवून दिली आहे, पण घोड्यासाठी उसने घेतलेले पैसे बहुधा सावकाराचे किंवा नातेवाइकांचे असतात. त्यांना ती सवलत लागू नाही.

आता नेमके काय हवे ते.

डोंगरी घोडा साधारण २५० ते ३०० किलोंचा. त्याला रोज वजनाच्या सुमारे दोन टक्के सुका चारा लागतो, म्हणजे पाच किलो. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, एरवी कामाच्या दिवसांत जास्त देतात. सध्या घोडे उभे आहेत, तेव्हा एक किलो गव्हाचा कोंडा आणि अर्धा किलो भिजवलेला हरभरा पुरे. जोडीला चमचाभर मीठ आणि २० ते २५ लिटर स्वच्छ पाणी. एका घोड्याचा महिन्याचा हिशेब असा होतो: १५० किलो गवत, ३० किलो कोंडा, १५ किलो हरभरा, एक किलो मीठ. ४६० घोड्यांसाठी एका महिन्याचे नुसते गवत ६९ टन. एवढे सगळे मिळेल अशी अपेक्षा नाही. ३५ टन मिळाले तरी भाताचा पेंढा मिसळून महिनाभर तग धरता येईल. आम्ही रुपयांत नव्हे, वजनात मागतो आहोत ते जाणूनबुजून. वैरणीचा भाव आठवड्या-आठवड्याला बदलतो आणि ज्याच्या गावात ती स्वस्त मिळते त्यानेच ती घेणे शहाणपणाचे.

गवत कोणते, याला फार महत्त्व आहे. सर्वांत चांगले म्हणजे माळरानावरचे किंवा वरकस जमिनीचे, दाणा भरण्याआधी कापून नीट वाळवलेले डोंगरी गवत. हातात घेऊन वास घ्या. गोडसर वास आला तर उत्तम. कुबट वास, पांढरी भुकटी किंवा काळे डाग असतील तर ते फुकट मिळाले तरी घेऊ नका. बुरशी लागलेल्या गवताने गाय एखादवेळ निभावून नेईल, घोडा नाही. घोड्याला उलटी होत नाही. जे पोटात गेले ते पुढेच सरकावे लागते, आणि अडकले तर पोटशूळ उठतो. घोडा लोळतो, घामाने भिजतो, पोटाकडे वळून वळून पाहतो, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर मरतो. डॉक्टर खालून वर यायला किती वेळ लागेल, हे पावसाळ्यात कुणीच सांगू शकत नाही.

भाताचा पेंढा कर्जत-नेरळ भागात भरपूर असतो आणि लोक आपुलकीने तोच देऊ करतात. त्याला नाही म्हणत नाही, पण निम्म्याहून जास्त नको. नुसत्या पेंढ्यावर घोडा ठेवला तर आतड्यात गोळा बसतो. पेंढा बारीक कापून, किंचित ओला करून, गवतात मिसळूनच द्यावा लागतो. हिरवी ज्वारी किंवा तिचे कोवळे फुटवे अजिबात पाठवू नका, ते घोड्याला विषारी ठरू शकतात.

कोंड्याचेही तसेच. स्वस्त म्हणून लोक गोण्याच्या गोण्या पाठवतात, पण त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. महिनोन्‌महिने त्याच्यावर घोडा जगवला तर हाडे ठिसूळ होतात. म्हणून रोज किलोभरच. आणि बसून असलेल्या घोड्याला दया म्हणून जास्त दाणा घालणे हा तर अपायच. काम नसताना चंदी वाढवली की खुरांत दाह होतो, घोडा पाय टेकवेनासा होतो. घोडा रोडावला तर गवत वाढवायचे, दाणा नाही.

गाई-म्हशींसाठी मिळणारे तयार पशुखाद्य कृपया नको. त्यात युरिया असू शकतो आणि काही प्रकारांत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. गुरांना ते चालते, घोड्याचे मात्र त्याने हृदय निकामी होते. पोत्यावर ते लिहिलेले असेलच असे नाही. शिळ्या पोळ्या, पाव, हॉटेलातला उरलेला भात हेही नको. चांगल्या मनाने दिलेल्या पावाच्या पोत्याने घोडा दगावणे यापरते दुर्दैव नाही.

पावसाळ्यात सगळीकडे हिरवे गवत असते, मग चारा कशाला, असेही विचारले जाते. पहिल्या पावसाचे गवत कोवळे आणि पाणचट असते. सुक्या चाऱ्यावरून घोड्याला एकदम त्यावर सोडले तर जुलाब आणि पोटफुगी ठरलेली. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा लागतो, आणि गवत भरायला जुलैचा मध्य उजाडतो. तोपर्यंत सुका चारा लागतोच. शिवाय सलग पावसात घोडा तबेल्यातच बांधलेला असतो. पोटात सुके गवत असेल तरच अंगात ऊब राहते.

चारा साठवायचा कसा, याची सोय करतो आहोत. गंजी थेट जमिनीवर ठेवली की तळचा थर आठवड्यात सडतो. खाली अर्धा फूट उंच फळ्या, वर ताडपत्री, आणि बाजूने वारा खेळायला जागा, एवढे हवे. त्यासाठी १८ बाय १२ फुटांच्या ३० ताडपत्र्या हव्या आहेत. वापरलेल्या चालतील, फाटलेल्या नकोत.

खुरांचे सांगायलाच हवे. काम नाही म्हणून नाल काढून टाकले तरी खूर वाढतच राहतात आणि दर दीड महिन्याने तासावे लागतात. ते न केल्यास चाल बिघडते आणि दिवाळीला घोडा कामाला उभा राहत नाही. ओल्या तबेल्यात खुरांच्या तळव्याला घाण वास येऊन ते सडू लागतात. रोज खूर कोरून साफ करणे आणि कोरडी जागा हाच त्यावरचा मुख्य उपाय. नालबंदाची मजुरी, जंतनाशक आणि धनुर्वाताची लस यांसाठी रोख मदत लागेल. औषधे मात्र परस्पर पाठवू नका. मात्रा घोड्याच्या वजनावर ठरते आणि ती पशुवैद्यकच ठरवतील.

माणसांसाठी थोडे वेगळे. सरकारकडून रेशनवर माणशी पाच किलो मोफत धान्य येते आहे. म्हणून तांदूळ-गहू पाठवू नका. कमी पडते ती डाळ, तेल, मीठ, मसाला, साबण. पाच जणांच्या कुटुंबाला पंधरा दिवस पुरेल असा संच आम्ही ठरवला आहे: तूरडाळ तीन किलो, मटकी किंवा चवळी एक किलो, तेल दोन लिटर, साखर दोन किलो, मीठ एक किलो, चहा पाव किलो, मिरचीपूड पाव किलो, हळद १०० ग्रॅम, कांदे तीन किलो, अंगाचे आणि कपड्यांचे मिळून चार साबण. सगळे मिळून साधारण १३-१४ किलो होते. कापडी पिशवीत बांधा. गावात प्लास्टिकच्या पिशव्या चालत नाहीत.

एक गोष्ट यादी करताना नेहमी सुटते. हमाल आणि हातरिक्षा ओढणाऱ्या-ढकलणाऱ्यांपैकी पुष्कळ जण पायथ्याच्या आदिवासी वाड्यांतून रोज डोंगर चढून येतात. त्यांची शिधापत्रिका खाली, कामाचे ठिकाण वर. माथेरानच्या यादीत ते नसतात आणि खालच्या यादी करणाऱ्याला त्यांचे काम गेल्याचे माहीत नसते. म्हणून आलेल्या संचांपैकी निम्मे वाड्यांसाठी बाजूला काढले जातील. ते वर चढवण्याची गरज नाही, नेरळलाच उतरवून घेतले जातील.

पाठवायचे कसे. जनावरांचा चारा अत्यावश्यक मालात धरला आहे आणि मालवाहू गाड्यांना परवानगी आहे, पण चालकाकडे मालाची पावती किंवा पत्र असू द्या, चौकीवर वेळ वाचतो. घाट चढा आणि अरुंद आहे. मोठा ट्रक नेरळला थांबवून माल लहान टेम्पोत भरावा लागतो, तेव्हा शक्यतो दीड-दोन टनांचा टेम्पोच पाठवा. असा एक टेम्पो म्हणजे १०० घोड्यांचे तीन-चार दिवस. गवत दाबून बांधलेल्या गाठींत असले तर निम्म्या जागेत मावते. गोणी ३० किलोंपेक्षा जड नको, कारण दस्तुरीपासून पुढे ती घोड्याच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर जाणार आहे. सोबत कृपया स्वतः येऊ नका. आपल्याला भेटायची इच्छा आम्हालाही आहे, पण आत्ता गावात आजार शिरला तर इथून रुग्णाला खाली नेणेच अवघड. चालकाने गाडीतच बसावे, माल आमची माणसे उतरवतील.

रोख मदतीचा मोठा भाग या वाहतुकीच्या मजुरीवरच खर्च होईल, आणि ते योग्यच आहे असे आमचे मत. हमालाला आणि घोडेवाल्याला फुकट पाकीट देण्यापेक्षा चारा वाहण्याचा, गंजी रचण्याचा, पावसाआधी गटारे उपसण्याचा रोजगार दिलेला बरा. त्यालाही तेच आवडते.

खाते क्रमांक या पत्रकात छापलेला नाही. पुढे ढकललेल्या मेसेजमध्ये क्रमांक बदलून लुबाडणूक करण्याचे प्रकार सध्या फार आहेत. दरवर्षी येणाऱ्या बहुतेकांकडे आपल्या घोडेवाल्याचा किंवा हॉटेलचा नंबर असतो. त्यांच्याकडून समितीचा तपशील घ्या आणि बोलून खात्री करूनच पैसे पाठवा. आमच्याकडे ८०जीची नोंदणी नाही, त्यामुळे करसवलत मिळणार नाही. साधी पावती मिळेल.

वाटप घोड्याच्या परवाना क्रमांकानुसार होईल, मालकाच्या नावानुसार नाही. एका घोड्याला आठवड्याला एकच चिठ्ठी. काय आले, कुणाकडून आले, किती गेले याचा तक्ता दर रविवारी बाजारपेठेतल्या फलकावर लावू. मदत घेणाऱ्यांचे फोटो काढले जाणार नाहीत, ते मागूही नयेत.

ज्यांनी एप्रिल-मेसाठी हॉटेलचे आगाऊ पैसे भरले होते, त्यांना एक विनंती. आपली अडचण नसेल तर पैसे परत मागण्याऐवजी तारीख पुढे ढकलून घ्या, आणि नवी मुदत हॉटेलकडून लेखी मागा. त्या पैशांतून निदान स्वयंपाकी आणि सफाई कामगारांचा अर्धा पगार निघतो. ज्यांची स्वतःचीच नोकरी गेली आहे त्यांनी संकोच न करता पैसे परत मागावेत.

दहा जूननंतर चारा पाठवू नका. घाटात धुके आणि दरडी सुरू होतात आणि भिजलेली गाठ आमच्या काही कामाची नसते. त्यानंतर कोंडा-हरभरा बंद गोणीत चालेल, किंवा रोख. टेम्पो निघण्याच्या आदल्या दिवशी माल किती आणि गाडी कुठली ते कळवा, म्हणजे दस्तुरीला तेवढे हमाल आणि घोडे सकाळी सातला हजर ठेवता येतील.

आपली,
माथेरानमधील घोडेवाले, हातरिक्षाचालक, हमाल आणि दुकानदार यांची मदत समिती
मे २०२०