कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीमामांना, दुसऱ्या पोत्याबद्दल

मिस्त्रीमामा, सप्रेम नमस्कार.

गाडी न्यायला आले त्या दिवशीच बोलायचं होतं. पण गळा दाटून आला आणि नुसतंच "येते" म्हणून निघाले. तुम्ही मोबाईलवर फारसं वाचत नाही, तेव्हा तुमचा मुलगा हे वाचून दाखवील.

माझी जीप १९९२ ची, महिंद्राची एमएम ५४०. प्युजोचं २११२ सीसीचं इंजिन, पुढं-मागं पाट्यांच्या स्प्रिंगा. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात ती रमणमळ्यात पाण्यात उभी होती. नंतर इंजिन खोलून घेतलं, वायरिंग बदललं, पण चेसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याच्या, पोटात गाळ बसून राहिलाय हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही.

तुमच्याआधी दोन गॅरेज झाली. पहिल्यानं पाट्याच्या टोकाला लांब शॅकल, म्हणजे झुलत्या कड्या, घालून गाडी चार इंच उचलली. पुढचा पाटा चेसीला जिथं अडकवतात त्या हँगरजवळ तडा गेला, तर त्याच्यावरूनच आडवी वेल्डिंग मारली आणि वर जाड काळा रंग फासला. पाच महिन्यांत वेल्डिंगच्या शेजारून परत फाटलं. दुसऱ्याकडं मी गाडीखाली वाकले, तर म्हणाला, "मॅडम, कपडे खराब होतील, साहेबांना पाठवा." कुठले साहेब? गाडी माझ्या नावावर आहे, चालवते मी, गगनबावड्याकडच्या चिखलातनं काढते मी. पैसे गेले त्याचं एवढं वाटत नाही. खोटं काम रंगाखाली दडवून "बिनधास्त जावा" म्हणून मला पाठवलं, आणि मागच्या बाकड्यावर माझी दोन भाचरं बसलेली असायची. तो राग अजून जात नाही.

तुमच्याकडं आले ती उसन्या अवसानानं आले होते. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. पोतं अंथरलं, गाडीखाली सरकलात, मग परत बाहेर आलात. वाटलं, आता हेही मान हलवणार. तुम्ही कोपऱ्यातनं दुसरं पोतं आणलंत, झटकलंत, आपल्या पोत्याशेजारी अंथरलंत आणि बॅटरी माझ्या हातात दिलीत. "या ताई. गाडी तुमी चालवनार, मग चेसी तुमीच बगायची."

मामा, अकरा वर्षं ही गाडी माझ्याकडं आहे. तिच्या पोटाखाली मला कुणी बोलावलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

रंग खरवडून तुम्ही म्हणालात, "नख फिरवा." मी फिरवलं. काही दिसत नव्हतं, पण एका जागी नख अडकलं. केसाएवढी रेघ. ती पार खालच्या कडेपर्यंत गेली होती. माझ्या अंगावर काटा आला आणि तुम्ही शांतपणे म्हणालात, "सापडलं न्हवं? मग आता भ्यायाचं काम न्हाई."

सगळी चेसी पत्र्यानं बंद करून टाका, पक्की होईल, असं मीच म्हणत होते. तुम्ही देवाच्या फळीवरचा अगरबत्तीचा रिकामा पुडा घेतलात. बंद पुडा पिळायला लावलात, पिळेना. एक बाजू फाडून दिलीत, तर सहज पिळला. जीपची चेसी ही अशी एका बाजूनं उघडी असते, खड्ड्यात तिरकी चाकं पडली की थोडी मुरडते, आणि तिला तेवढं मुरडू द्यावं लागतं. मधेच जोडपट्टी मारून एक तुकडा दगडासारखा केला की पट्टी संपते तिथं सगळा ताण येतो. म्हणून तुम्ही पट्टीची टोकं तिरकी कापलीत, आणि तड्याच्या टोकाला आधी भोक पाडलंत, "हितनं फुडं पळनार न्हाई" म्हणून. इतकं सोपं करून मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

बाकी काम तुमचं तुम्ही जाणता. ओळंबा सोडून फरशीवर खडूनं मारलेल्या खुणा, चेसीच्या दोन कर्णांतला ११ मिलिमीटरचा फरक, तो काढायला गेलेले तीन दिवस. पावसानं वेल्डिंगच्या काड्या सादळल्या म्हणून एक अख्खा दिवस तुम्ही काम बंद ठेवलंत. गाडी चार इंच उंच ठेवायचा मी हट्ट धरला, तुम्ही दोनावर आणलंत, नाहीतर चाकांकडं ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट गाडी खाऊन टाकेल म्हणालात. चेसी नंबरावर ग्रीस लावून चिंधी बांधलीत आणि लांबी-रुंदीला हात लावला नाहीत. कागदावर हाय तेच राहू दे, म्हणालात.

आपल्या गावानं शेतकऱ्याला ऑइल इंजिनं करून दिली, फाउंड्र्या उभ्या केल्या, त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण मला वाटतं, हे गाव उभं आहे ते आपलं काम उजेडात धरून दाखवणाऱ्या माणसांवर. शेजारच्या लेथवाल्या दादांनी शॅकलच्या पिना फिरवून दिल्या आणि हातात देताना म्हणाले, "ढिल्या वाटल्या तर परत आना, लाजू नका." अशी माणसं उद्यमनगरात गल्लीगल्लीत आहेत, आणि मी मात्र दोन वर्षं भलत्याच दारात उभी होते.

गेल्या रविवारी भुदरगडात आत्याच्या शेताकडं गेले होते. जांभ्याची वाट, मधे ओढ्यानं कापलेली. पुढचं डावं चाक खाली, मागचं उजवं हवेत. आधी अशा जागी कुठनं तरी कट्ट असा आवाज यायचा. परवा आला नाही. पलीकडं जाऊन गाडी थांबवली, खाली शिरले आणि हँगरजवळ नख फिरवलं. गुळगुळीत सरकलं.

खाली अंथरलेलं पोतं तुमचंच होतं. त्या दिवशी मागच्या बाकड्याखाली राहून गेलं. ते आता मी परत देणार नाही मामा, दोन नवी घेऊन येते.

तुमची,
रमणमळ्याची जीपवाली ताई