इडलीपात्रातलं जेवण

सांगली

प्रिय शिरीष,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

अडीच महिन्यांचं कारवानी जातीच्या कुत्र्याचं पिल्लू अर्ध्या मिनिटात ताटली साफ करतं आणि लगेच सगळं ओकतं, हे तुझ्या पत्रातून कळलं. हावरट म्हणून त्याला हिणवू नकोस. भावंडांच्या गराड्यात एकाच परातीवर वाढलेल्या पिल्लाला थांबलं की उपाशी राहावं लागतं, एवढंच ठाऊक असतं. बाहेर पडलेल्या अन्नात पाकिटातल्या कोरड्या खाद्याचे दाणे अख्खे दिसत असतील तर बहुधा ही घाईच.

तरी आधी जंतांचं बघ. तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा औषध. डोस वजनावर, डॉक्टरांना विचारून. पोट नगाऱ्यासारखं आणि बरगड्या मात्र मोजता येतात असं असेल, तर भांडी बदलून काही साधणार नाही.

शिधा काट्यावर मोज, मुठीने नको. पाकिटावर वजनाप्रमाणे दिवसाचे ग्रॅम दिलेले असतात. समज १६० ग्रॅम निघाले, तर ४०-४० चे चार भाग: सकाळी सात, अकरा, दुपारी साडेतीन, रात्री आठ. दोनच वेळा घातलंस तर ते भुकेने पिसाळल्यासारखं तुटून पडणारच.

आता भांडं. हळू खायला लावणारं बाजारातलं नक्षीचं प्लास्टिकचं भांडं लगेच आणू नकोस, दात शिवशिवणारं पिल्लू तेच कुरतडत बसतं. वहिनींकडून स्टीलच्या इडलीपात्राची एक जुनी ताटली माग. कडा बोटाने चाचपून बघ, धार लागता कामा नये. चार खळग्यांत दहा-दहा ग्रॅम घाल आणि घसरू नये म्हणून खाली ओलं पोतं अंथर. एका खळग्यातून दुसऱ्यात तोंड नेताना त्याचा वेग आपोआप मोडतो. इडलीपात्र नसेल तर थाळीत जड वाटी पालथी घालून भोवती दाणे पसर. थाळीत नदीतला गोटा ठेवायला कोणी सांगेल; नको, दुधाचे दात तुटतात.

कोरडे दाणे कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवलेस तर अजून बरं. पण पातळ केलंस की ते भुरके मारून संपवेल. दाट लगदा चमच्याच्या पाठीने थाळीभर सारव, म्हणजे चाटूनच खावं लागेल. पाच-सात मिनिटं लागली की पुरे. भुंकायला लागलं, ताटली उलटवली, तर समज अवघड झालंय. दोन दिवस सोपं कर.

जेवताना ताट ओढून "शिस्त" लावायला जाऊ नकोस. ताट जाणार या भीतीने ते आणखी भराभर गिळेल, पुढे गुरगुरेलही. उलट जवळून जाताना उकडलेल्या अंड्याचा बारीक तुकडा टाकत जा. घरात दुसरं कुत्रं असेल तर त्याला वेगळ्या खोलीत जेवू घाल.

आणि आमच्या सांगलीचा बेदाणा घरात आला की डबा वर ठेव. कुत्र्यांची मूत्रपिंडं त्याने निकामी होऊ शकतात. कांदा-लसणाची उरलेली आमटीही नको.

कारवानीची छाती खोल असते. अशा कुत्र्यांत, मोठेपणी जास्त, पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. म्हणून जेवल्यावर तासभर पळवू नकोस. पोट टणक फुगलं, उमासे येतात पण पडत काहीच नाही, लाळ गळते, एका जागी बसवत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट न बघता रात्रीच डॉक्टरांना उठव.

आठवड्याने वजन कळव.

तुझा,
दिगू