कंबरदुखी, पट्टा आणि पिलाटिस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्तमानपत्राच्या घडीतून अलीकडे पिलाटिस या, हालचालींवर ताबा ठेवून करायच्या व्यायामपद्धतीच्या, वर्गांची पत्रके पडू लागली आहेत. त्यांतील एकावर ‘कंबरदुखीवर कायमचा उपाय’ असे छापलेले पाहिले, म्हणून हे पत्र. मी कंबरदुखीचा जुना रुग्ण असून याच जातीच्या व्यायामाने सुधारलो आहे. तरीही ‘कायमचा’ हा शब्द मला खटकला.

बँकेत ३१ वर्षे काउंटरवर बसून काढली आणि निवृत्तीनंतर एका सकाळी पाण्याची बादली उचलताना कमरेत उसण भरली. डॉक्टरांनी पट्टा बांधून पडून राहायला सांगितले. मी तो आठ महिने इमानाने बांधला. परिणाम असा झाला, की पट्ट्याशिवाय जिना उतरायचीही भीती वाटू लागली. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत व्यायामाची शिफारस आहे आणि कमरेचे पट्टे व ट्रॅक्शन (कंबरेला ताण देऊन ओढणे) नेहमीच्या उपचारांत वापरू नयेत असे म्हटले आहे, हे मला फार उशिरा वाचायला मिळाले.

पुढे एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी जे शिकवले ते इतके किरकोळ दिसत होते, की पहिल्या दिवशी फी वाया गेली असेच वाटले. उताणे पडून गुडघे दुमडायचे, खोकताना पोट जितके आवळते तितकेच आवळायचे, श्वास रोखायचा नाही आणि तसेच राहून एक टाच हळूहळू पुढे सरकवायची. मग रांगण्याच्या स्थितीत उजवा हात व डावा पाय लांबवून आठ-दहा सेकंद स्थिर राहायचे, जणू पाठीवर पाण्याचा भरलेला पेला ठेवला आहे. (माझ्या पाठीवर पेल्याऐवजी नातू येऊन बसे, ते ताईंना सांगितले नाही.) तीन आठवडे काडीचा फरक पडला नाही, अडीच महिन्यांनी मात्र सुरसागर तलावाची फेरी पट्ट्याशिवाय झाली.

पत्रके वाचून वाटते, की पिलाटिस ही पद्धत कंबरेसाठीच जन्मली. प्रत्यक्षात जोसेफ पिलाटिस (१८८३-१९६७) या जर्मन गृहस्थांनी ती सबंध शरीरासाठी रचली आणि तिला ते ‘कंट्रोलॉजी’ म्हणत. तिच्यातील ‘हंड्रेड’मध्ये डोके व खांदे उचलून धरत हात शंभर वेळा हलवायचे असतात, मणक्यातील गादी सरकलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी त्याच्या वाटेला जाऊ नये.

हॉजेस आणि रिचर्डसन या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९६ मध्ये असे दाखवले, की निरोगी माणसाचा पोटाचा सर्वांत आतला स्नायू हात हलण्याआधीच आवळला जातो, तर कंबरदुखीच्या रुग्णात त्याला उशीर होतो. ‘कोअर’चा, म्हणजे पोट-कंबरेच्या आतल्या स्नायूंच्या व्यायामाचा, बोलबाला मुख्यतः तेथून वाढला. परंतु वैद्यकीय संशोधनाचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये १० चाचण्यांतील ५१० रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा पिलाटिसने किरकोळ उपचारांपेक्षा दुखणे कमी होते असे दिसले, पण इतर व्यायामांपेक्षा ते सरस असल्याचा ठाम पुरावा मिळाला नाही. असे असताना पिलाटिसच्या स्प्रिंग लावलेल्या महागड्या यंत्रावर झोपल्यावाचून कंबर सुधारणारच नाही, असे ज्येष्ठांच्या मनात भरवणे मला योग्य वाटत नाही. पायातील बळ जाणे, लघवी-शौचावरील ताबा सुटणे किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूस बधिरपणा येणे ही लक्षणे असतील, तर मात्र कोणताही वर्ग न शोधता तडक रुग्णालय गाठावे.

ज्या वडोदऱ्यात प्रा. माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिर नावारूपाला आणले आणि जेथे मल्लखांबावर कंबर व पोट कसून तयार होत आले, तेथे ज्येष्ठांना जाहिरातींच्या मागे जावे लागू नये. शहरातील व्यायामशाळांनी आणि मराठी मंडळांनी आठवड्यातून दोन सकाळी, मुलांचे वर्ग सुटल्यावर, आपली सभागृहे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली अशा व्यायामासाठी द्यावीत, एवढी विनंती आपल्या स्तंभातून पोहोचावी. यंत्रे नकोत, सतरंज्या आम्ही घरून आणू.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
दांडिया बाजार, वडोदरा