माया आहे, पण निवारा कुठे आहे?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रस्त्याच्या कडेला स्वतःशी पुटपुटत बसलेल्या माणसाच्या डोक्यात एकेकाळी उच्च गणित नांदत असेल, ही शक्यता आपल्या मनात क्वचितच येते. बिहारमधील भोजपूर जिल्ह्यातील वशिष्ठ नारायण सिंह यांनी १९६९ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली, पुढे स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराने ग्रासलेले हे गणितज्ञ १९८९ मध्ये बेपत्ता झाले आणि चार वर्षांनी दयनीय अवस्थेत सापडले. त्यांच्या कुटुंबाची माया कमी पडली, असे मी मुळीच म्हणणार नाही. अमेरिकी गणितज्ञ जॉन नॅश यांनाही हाच आजार होता. पण घटस्फोटित पत्नी अ‍ॅलिशिया यांनी १९७० मध्ये त्यांना पुन्हा घरात आसरा दिला, प्रिन्स्टन विद्यापीठाने आवारात निर्वेध वावरू दिले, आणि १९९४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या आजारात अनेकदा आपण आजारी आहोत हेच रुग्णाला पटत नाही, त्यामुळे लोकांनी प्रेमाने दिलेले जेवण तो घेतो, पण औषध नाकारतो. तेथे शेजाऱ्यांची कणव एकटी पुरत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार बेघर रुग्णाला मोफत उपचारांचा हक्क आहे आणि भटकणाऱ्या रुग्णाला संरक्षण देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. मात्र रुग्णालयातून सुटल्यावर त्याने जायचे कुठे? प्रत्येक जिल्ह्यात अशा रुग्णांसाठी देखरेखीखालील निवासाची सोय शासनाने तातडीने करावी, आणि त्यासाठी कोणाच्याही बुद्धिमत्तेचा दाखला मागू नये.

आपला,
एक वाचक