चिठ्ठी हरवली की पालीचा पत्ताही हरवतो

महोदय,
रविवारच्या पुरवणीत बेटांवरील पालींच्या वर्गीकरणाविषयी आलेला लेख वाचला. डीएनए तपासणीमुळे संग्रहालयांतील जुने नमुने अडगळ ठरले आहेत, हे त्यातील मत मात्र पटले नाही.

फ्रान्समधील मार्से येथील संग्रहालयातल्या महाकाय पालीचेच पाहा. शेपटी सोडून तब्बल ३७ सेंटिमीटर लांबीचा, पेंढा भरलेला हा तिच्या जातीचा जगातील एकमेव नमुना. तो कुठून आला, याची नोंदच नव्हती. १९८६मध्ये शरीररचनेवरून तिला न्यूझीलंडच्या पालींमध्ये बसवले गेले. २०२३मध्ये डीएनए तपासले, तेव्हा ती प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटांवरच्या पालींच्या वंशातली निघाली आणि तिला 'गिगार्कॅनम' हे नवे नाव मिळाले. नमुना जपला होता म्हणून चूक सुधारता आली. सोबत ठिकाणाची चिठ्ठी असती, तर ती बहुधा झालीच नसती.

सोलापूरच्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवले. तिथल्या कपाटात फॉर्मॅलिनच्या बरण्या आहेत. पिवळट पाण्यात पाल अगदी बोटांसकट शाबूत, पण चिठ्ठीवरची शाई धुऊन गेलेली. ती सिद्धेश्वर तलावाकाठची की नान्नजच्या माळावरची, आता कोण सांगणार? जाड कागदावर पेन्सिलीने ठिकाण व तारीख लिहून चिठ्ठी बरणीत टाकली, तर अक्षर टिकते. महाविद्यालयांनी येत्या सुट्टीत बरण्या बाहेर काढाव्यात आणि आम्हा निवृत्त शिक्षकांना जे आठवते, ते लिहून घ्यावे. आम्ही आनंदाने येऊ.

– एक निवृत्त प्राध्यापिका, सोलापूर