बाबा, इशारा पातळीलाच मी हे केले

पुणे,
२७ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप आई आणि बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी सुखरूप पोहोचले हे फोनवर कळवलेच आहे. तरीही हे पत्र हाताने लिहून पोस्टाने पाठवते आहे, कारण हा विषय फोनवर निघाला की बाबा “आईशी बोल” म्हणून फोन आईकडे देतात आणि आई मला भाजी काय केली ते विचारू लागते. शिवाय पत्र माझेच आहे याची खात्री तुम्हाला अक्षरावरून पटेल. हे अक्षर बाबांनीच पाटीवर गिरवून घेतले आहे आणि अजूनही माझा ‘ळ’ त्यांना पसंत नाही.

बाबा, आधी कबुली देते. पाडव्याच्या दुपारी तुम्ही जेवून आडवे झाला होतात, तेव्हा मी तुमचा फोन घेऊन माडीवर गेले आणि तुम्हाला न विचारता त्यात काही बदल केले. फोनचे कुलूप उघडायला मला काहीच त्रास पडला नाही. पहिला अंदाज आपल्या स्कूटरच्या क्रमांकाचा केला आणि तो बरोबर निघाला. यूपीआयचा पिनही तोच होता. आई जिन्यात उभी राहून “त्यांना विचारून कर गं” असे दोनदा म्हणाली, त्यामुळे तिच्यावर रागावू नका. मी ऐकले नाही, हा दोष सर्वस्वी माझा आहे.

केले ते एवढेच. तुमचे पेन्शनचे खाते मी यूपीआयमधून काढले आणि त्या जागी तुमचे व आईचे जुने संयुक्त खाते, ज्यातून माझी कॉलेजची फी जात असे, ते जोडले. त्याचे डेबिट कार्ड आईच्या कपाटात, मोत्यांच्या डबीखाली होते. नवा पिन आईने स्वतःच्या बोटांनी घातला आणि त्या वेळी मी खिडकीकडे तोंड करून उभी होते. दिवसाला जास्तीत जास्त पाच हजार रुपये जातील अशी मर्यादा घातली आहे. एरवी ती एक लाखाची असते आणि एक लाख ही रक्कम भाजी-दुधाच्या फोनमध्ये असण्याचे कारण मला तरी सापडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी क्रमांकांचे कॉल आता वाजणार नाहीत, आणि ओळखीच्या माणसाखेरीज कोणालाही तुम्हाला एखाद्या गटात ओढता येणार नाही.

हे तुमच्या बुद्धीवरच्या अविश्वासातून केलेले नाही, हे कसे पटवून द्यावे याचा विचार मी गाडीत स्वारगेट येईपर्यंत करत होते. पितृपंधरवड्यातली ती दुपार आठवून तुम्हाला दुखवायची इच्छा नाही, पण ती न आठवता हे पत्र लिहिताही येत नाही. गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, तुमचा आधार क्रमांक घडाघडा म्हणून दाखवतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याचे सांगतो, शिक्क्यानिशी अटकेचा कागद दाखवतो आणि घरातल्यांशी बोललात तर तेही अडकतील असे बजावतो. हे ऐकून एखादा बेरकी माणूस फोन आपटून मोकळा झाला असता. तुम्ही आपटला नाहीत, कारण पाटबंधारे खात्याच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत तुम्हाला साधा मेमोही मिळालेला नाही, आणि ज्याने आयुष्यभर सरकारी कागदाचा मान राखला त्याला खोटा सरकारी कागद दाखवून घाबरवणे फार सोपे असते. त्या भामट्यांना तुमचा भोळेपणा नको होता, तुमची सचोटी हवी होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये डिजिटल अरेस्ट नावाची कोणतीही व्यवस्था कायद्यात नाही असे सांगितले, ते आईने रेडिओवर ऐकले होते आणि तुम्हीही शेजारीच बसला होता. ऐकलेले ऐन वेळी आठवत नाही, हे माझ्याही बाबतीत घडते.

त्या दिवशी बँकेतली ती मुलगी देवासारखी भेटली. ठेव मोडायला आलेल्या माणसाच्या खिशातला फोन उजळलेला तिने पाहिला, काही न बोलता चिठ्ठीवर “फोन चालू आहे का?” असे लिहून ती पुढे सरकवली, आणि तुम्ही मान हलवताच तुम्हाला आत नेऊन बसवले. आईने तिला दिवाळीचा चिवडा पाठवला हे फार चांगले केले. ठेव वाचली, ‘पडताळणी’च्या नावाखाली आधीच गेलेले वीस हजार मात्र वाचले नाहीत. ते गेल्याचे मला दुःख नाही, खरेच नाही. दुःख याचे आहे की तुम्ही ते चार दिवस कोणालाही सांगितले नाही. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर लगेच कळवले तर पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवता येण्याची आशा असते. चार दिवसांनी मी तक्रार नोंदवली तेव्हा मिळाला तो केवळ तक्रारीचा क्रमांक. आणि आई सांगते की अजून तुम्ही रात्री दोन वाजता उठून, दिवा न लावता, खात्यातली शिल्लक तपासता. हे ऐकले नसते तर कदाचित मी तुमच्या फोनला हात लावला नसता. रक्तदाबाची गोळी वाढली आहे ती कशामुळे, हे डॉक्टरांना माहीत नसेल, मला माहीत आहे.

आता न विचारता केल्याबद्दल. बाबा, ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीला लागले आणि तुम्ही आईला न विचारता रिक्षा दारात आणली. धोका पातळी पंचेचाळीसची, अजून पाच फूट आहेत, असे म्हणून गल्लीतले लोक हसले. आई तर लोणच्याच्या बरण्या सोडून यायला तयार नव्हती आणि विश्रामबागेत मावशीकडे पोहोचल्यावरही दोन दिवस तुमच्याशी बोलत नव्हती. पुढे पाणी सत्तावन्न फुटांवर गेले आणि गावभागातल्या आपल्या घराचे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. त्या वेळी तुम्ही मला फोनवर जे म्हणाला होतात ते मी विसरलेले नाही : घर इशारा पातळीलाच सोडायचे असते, कारण धोका पातळीला रिक्षा मिळत नाही. वीस हजार ही माझ्या लेखी इशारा पातळी होती. मी रिक्षा आणली. तुम्ही रागावून दोन दिवस बोलला नाहीत तरी मला चालेल, तेवढी सवय आईने घरात लावून ठेवली आहे.

तुमच्या रोजच्या व्यवहारात अडचण येणार नाही याचा मी बसून हिशेब केला आहे. दूध, भाजी, औषधे, गॅस, विजेचे बिल, आईची भिशी आणि बाबांची शनिवारची भडंगाची पुडी, यांतले काहीही एका दिवसात पाच हजारांच्या वर जात नाही. दुकानातला कोड पूर्वीसारखाच टिपायचा आहे, आवाजही तोच येईल, फक्त पैसे दुसऱ्या खात्यातून जातील. कधी मोठा खर्च आला तर धनादेश आहेच, आणि तुमची सही आजही माझ्या सहीपेक्षा देखणी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर न वाजलेला कॉलही यादीत दिसतो, त्यामुळे कोणी महत्त्वाचा माणूस हातचा जाणार नाही. दवाखाना, औषधवाला, गॅसवाला, नळवाला, यांचे क्रमांक मी नावांनिशी साठवून ठेवले आहेत. नळवाल्याची दोन नावे निघाली, त्यांतला खरा कोणता ते बाबांनी ठरवावे.

एक गोष्ट मात्र मी केलेली नाही, कारण ती माझ्या हातची नाही आणि असूही नये. पेन्शनच्या खात्याचे इंटरनेट बँकिंग बंद करण्याचा आणि दर महिन्याच्या पाच तारखेला त्यातून संयुक्त खात्यात वीस हजार रुपये आपोआप वळते करण्याचा, असे दोन अर्ज सोबत आहेत. दोन्ही भरून, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली करून ठेवले आहेत. सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा. नाही केलीत तर मी पुन्हा विषय काढणार नाही (असे लिहिते आहे खरे, पण काढीन). तोवर अडायला नको म्हणून संयुक्त खात्यात मी पंचवीस हजार भरले आहेत. बाबा, ते उसने समजा आणि वहीत माझ्या नावावर मांडा, म्हणजे तुमच्या जिवाला बरे वाटेल.

त्या दुपारी स्कूटरचा क्रमांक दाबल्यावर कुलूप उघडले, तेव्हा मी काही वेळ तशीच बसून राहिले. पुढे उभी राहून, हँडलच्या मधल्या भागाला घट्ट धरून, मी कितीदा तुमच्याबरोबर हरिपूरच्या रस्त्याने संगमेश्वराला गेले आहे. तुमची हनुवटी माझ्या डोक्याला टेकत असे आणि खड्डा आला की तुम्ही आधीच “धर” म्हणत होता. मला वाटायचे, बाबांना सगळे खड्डे पाठ आहेत. आज माझ्याकडून “धर” जरा मोठ्या आवाजात म्हटले गेले असेल, तर तेवढे पोटात घाला.

आता ऐका, दोघेही. पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही, तो फक्त पैसे जाताना लागतो. नवा पिन बाबांनी पुन्हा बदलायचा आणि तो गाडीचा, जन्माचा, लग्नाचा असा कोणताही क्रमांक नको. “आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल” असा निरोप आला तर मेणबत्ती शोधा, पण त्यातल्या क्रमांकावर फोन करू नका. लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलच्या नावाशेवटी एपीके अशी अक्षरे असतील तर ती उघडायची नाही, मग लग्न कितीही जवळच्यांचे असो. मदत करतो म्हणून कोणी फोनवर नवे अ‍ॅप घ्यायला सांगितले तर घ्यायचे नाही, त्यातून त्याला आपला पडदा दिसतो. हयातीच्या दाखल्यासाठी फोनवर कोणी ओटीपी मागितला तर सांगा की मी हयात आहे आणि बँकेत चालत येऊ शकतो. नोव्हेंबरात तुम्ही दरवर्षी जाता तसे आईला घेऊन जा आणि येताना दोघांनी उसाचा रस प्या, बर्फाशिवाय. आणखी एक. आजकाल माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. माझ्या आवाजात कोणी रडत पैसे मागितले तर तिला विचारा, गच्चीवरून पडलेल्या मांजरीचे नाव काय होते. मी असेन तर सांगेन. आई, तू हे कागदावर लिहून फ्रीजवर लावू नकोस.

आणि एक विनंती, जी करायला मी सगळ्यात जास्त कचरते आहे. बाबा, तुमच्या कट्ट्याच्या गटात त्रेचाळीस माणसे आहेत. पावसाळ्यात तुम्ही रोज सकाळी अंगणातल्या पर्जन्यमापकाचा आकडा, कोयनेचा साठा आणि विसर्ग तिथे लिहिता, आणि १०५ टीएमसीच्या धरणात आज किती भरले यावर लोक बातम्यांपेक्षा तुमच्यावर विश्वास ठेवतात. दुसऱ्या कोणी काही पाठवले तर “बाबांना विचारा” असे त्या गटात म्हटले जाते, हे मी स्वतः वाचले आहे. त्या दुपारचे चार ओळींत तिथे लिहाल का? रक्कम लिहू नका, बँकेचे नावही लिहू नका, हवे तर “माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांच्या बाबतीत” असे लिहा. तुम्ही चार दिवस गप्प राहिलात, तसेच त्या त्रेचाळीस जणांत आणखी कोणीतरी आत्ता गप्प बसलेले असेल आणि रात्री दोन वाजता उठत असेल. शुभसकाळच्या फुलांच्या खाली तुमचा निरोप आला तर तो माणूस वाचेल. मन झाले नाही तर लिहू नका, मी आग्रह धरणार नाही.

पुढच्या शनिवारी रात्रीच्या गाडीने येते. स्टेशनवर येऊ नका, थंडी पडू लागली आहे, मी रिक्षाने येईन. आई, रविवारी आमटीच कर, पुरणाचा घाट घालू नकोस, तुझे गुडघे मला माहीत आहेत. बाबा, तुमच्यासाठी बारीक टोकाचे पेन आणते आहे, पर्जन्यमापकाच्या वहीसाठी. बोलला नाहीत तरी ते घ्या.

तुमची,
धाकटी

ता. क. : स्कूटरची पाटी अजून परसातल्या खिळ्याला आहे ना? आईने भंगारवाल्याला देऊ नये. कुलपाला लावायची नाही म्हणून ती नकोशी झाली असे नाही. मी येईन तेव्हा पुण्याला घेऊन जाईन.