बुधवारच्या रात्रीबद्दल काही लिहायचं नाही, असं ठरलंय

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन आपटलास आणि तेव्हापासून तुझी आई माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते आहे. फोनवर आपलं दोघांचं धड जमत नाही, म्हणून लिहितोय. बुधवारी रात्री तू मिरवणुकीला जाणार आहेस, तो विषय काढायचा नाही, असं आईला कबूल केलंय.

तुझ्या तिथल्या मैत्रिणीशी स्पॅनिशमध्ये बोलतानाचं तू पाठवलेलं रेकॉर्डिंग मी टेकडीवर जाताना ऐकतो. मला कळणारे शब्द दोनच, पुणे आणि ढोल. टिपरू, पान, कमरेला बसणारा दोर हे सगळं तू तिला समजावत होतीस, हे तू सांगितलंस म्हणून कळलं. मध्येच अडतेस, ती काहीतरी सुचवते, तू तेच पुन्हा म्हणून पुढे निघतेस. रानडेला स्पॅनिशचा क्लास होता तेव्हा घरात एक वाक्य बोलून दाखव म्हटलं तर तोंड लपवायचीस! जोशीकाकांना ऐकवलं. त्यांना हेही सांगितलं की आपलं पुणे विद्यापीठ १९४९चं आणि तुझं स्पेनमधल्या ग्रानादाचं १५३१चं. आता ते मला टाळतात.

आणि तिने तुला काय सांगितलं! तिचा भाऊ कोस्तालेरो, म्हणजे सेमाना सांताच्या, ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या, मिरवणुकीत तो देव्हारा मानेवर उचलणारा. गोणपाटाची घडी डोक्याला बांधायची, आत शिरायचं, पुढचं काही दिसत नाही, बाहेरच्या मुकादमाने हातोडी वाजवली की सगळ्यांनी एका दमात उठायचं. सणाआधी कितीतरी आठवडे रात्री सराव. हे कुठल्या वर्गात शिकवलं असतं? तिथली माणसं शेवटचा 'स' गिळतात म्हणून पहिल्या महिन्यात रडकुंडीला आली होतीस, आता म्हणे तूच गिळतेस.

फक्त एक. ते इंतेरकाम्बिओ, म्हणजे भाषेची देवाणघेवाण, अर्धा तास तुझं, अर्धा तास तिचं, असं ठरलंय ना? रेकॉर्डिंगमध्ये इंग्रजी जवळजवळ नाहीच. तिलाही परीक्षा आहे. समोरच्याचा वेळ घ्यायचा तर परत द्यायचा, घड्याळ लावून बसा, तिच्या चुका तूही तितक्याच मनापासून दुरुस्त कर, नुसतं मान डोलावणं ही मैत्री नव्हे… असो. सुरू झालो. माफ कर. तुमचं तुम्ही बघाल.

मिरवणूक जाते तो साक्रोमोंते टेकडीचा रस्ता मी नकाशावर पाहिला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला उतार. ती मिरवणूक वर मठापाशी पोचेपर्यंत मध्यरात्र उलटते, वाटेवर शेकोट्या पेटवतात, लोक गातात, हे सगळं वाचलं. उतरताना तुम्ही दोघीच का? तिचा भाऊ तर आत असेल, देवाखाली. त्या रात्री बस असते का, हेही वाचायला बसलो होतो, आई आली म्हणून बंद केलं.

तू म्हणालीस, लक्ष्मी रोडला विसर्जनाला रात्रभर खांद्यावर घेऊन फिरलात ते चाललं. अगं, खांद्यावर होतीस! नंतर पथकात गेलीस, झेड ब्रिजखाली नदीपात्रात तालीम, सुटायला दहा. मी स्कूटर पुलावर लावून कठड्याशी उभा असायचो. खाली आलेलं तुला आवडायचं नाही, मैत्रिणींसमोर लाज वाटायची. वरून पन्नास ढोल एकसारखेच दिसतात, पण तुझा मला ओळखू यायचा, कारण डावीकडून तिसरी मुलगी प्रत्येक आवर्तनाला ओठ चावायची. मग तू पायऱ्या चढून यायचीस, हाताला फोड, भूक भूक करत. घरी जाईपर्यंत एक शब्द बोलायची नाहीस. मला ते चालायचं. मागे बसली होतीस ना.

तिथे कुठला पूल आणि कुठली स्कूटर.

तिकडची माणसं रात्री दहाला जेवायला बसतात, रस्ते जागे असतात, हे मला पटतं. दिवसा पटतं. जा तू. नको म्हणून तू थांबणार नाहीस, आणि थांबलीस तर मलाच बरं वाटणार नाही. फोन चार्ज करून ने. मदतीचा नंबर तिकडेही ११२च. वर थंडी असेल, ते निळं जॅकेट घाल. परतताना तिच्याच घरी झोपता आलं तर विचार. तिच्या आईला मी दोन ओळी लिहून देतो, तू भाषांतर कर. नाही, नको, हसतील.

आजी विचारते, या आठवड्यात त्यांचा उपवास असतो का. शुक्रवारी मांस खात नाहीत एवढं सांगितलं, तर म्हणाली, मग सईचं बरं झालं. ते तोरिहास कसे करतात ते लिहून पाठव. पाव दुधात भिजवून, अंड्यात बुडवून तळायचा आणि वर मध, एवढं कळलं. आईला प्रमाण हवंय. तू अंडं खातेस हे आजीला माहीत नाही, तेव्हा वेगळ्या मेसेजवर.

खोलीवर पोचलीस की मेसेज टाक. तुमची घड्याळं पुढे गेलीत, आता फरक साडेतीन तासांचाच. तिकडचे दोन म्हणजे इकडचे साडेपाच. मी उठलेलाच असतो, दूध आणायचं असतं.

तुझा,
बाबा